"ताई, डिलिव्हरीला घरी याल का?" नाही येणार. का, ते सांगते.

परवा संध्याकाळी एक जोडपं माझ्या घरी आलं. भूकूमच्या पुढं एका सोसायटीत राहतात, दोघंही आयटीत. तिचं पहिलंच बाळंतपण, छत्तिसावा आठवडा लागलाय. चहा झाला आणि नवऱ्यानं विषय काढला. "ताई, आम्ही डिलिव्हरी घरीच करायची ठरवलंय. तुमचा एवढा अनुभव आहे. तुम्ही याल का?"

मुळशी तालुक्यात मी एकोणतीस वर्षं नर्सबाई म्हणून काढली. किती बाळं या हातांवर आली ते मोजलेलं नाही. तरी मी नाही म्हणाले. दोघं नाराज होऊन गेले. रात्री झोप लागेना, म्हणून त्यांना फोन करून विचारलं, "तुमचं नाव न घेता लिहू का?" ते हो म्हणाले. लिहितेय, कारण गेल्या वर्षभरात असं विचारायला आलेलं हे तिसरं जोडपं आहे.

आधी त्यांची बाजू सांगते, कारण ती खोटी नाही. सहाव्या महिन्यातच हिच्या हातात पॅकेजचा कागद ठेवला गेला. नॉर्मलचे इतके, सीझरचे इतके, रूम एसी हवी तर इतके. डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं, तिनं प्रश्न विचारला तर "गूगल कमी वाचा" असं उत्तर. मैत्रिणीचं सीझर झालं, का झालं ते तिला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. ही मुलगी घाबरली नाही तर नवल.

आकडेही तिच्याच बाजूचे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरातली साधारण १४ बाळंतपणं सीझरनं झाली आणि खाजगीत ४७. बाईचं शरीर सरकारी दवाखान्यात एक आणि खाजगीत दुसरं असं असतं का? एवढा फरक निव्वळ वैद्यकीय कारणांनी पडत नाही, हे सांगायला डॉक्टर असायची गरज नाही. २०२५ च्या मार्चमध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गर्भवतीकडे लाखो रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला, ती बाई पुढं दगावली, सगळा महाराष्ट्र हळहळला. त्यानंतर लोकांचा विश्वास उडाला असेल तर दोष लोकांचा नाही.

आणि खाजगीवाल्यांनाच बोलून मी सुटणार नाही. सरकारी लेबर रूममध्ये बायकांना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे, कारण त्यातलं काही मी स्वतः बोललेय. रात्रपाळीत, एकटीच्या अंगावर तीन बायका, तेव्हा माझ्याही तोंडून गेलंय, "आता कशाला ओरडतेस?" कारण होतं, पण ते निमित्त पुरेसं नव्हतं. त्या बायकांची माफी मागायची राहून गेली. इथं मागते.

म्हणजे राग बरोबर आहे. पण त्या रागातून काढलेला मार्ग चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.

घरच्या बाळंतपणाबद्दल बोलताना सगळे घराबद्दल बोलतात. मंद दिवा, गरम पाण्याचा टब, आपली माणसं, शांत गाणी. रस्त्याबद्दल कुणी बोलत नाही. सगळं सुरळीत झालं तर घर पुरतं. बिघडलं तर घर, टब, गाणी सगळं बाजूला राहतं आणि एकच प्रश्न उरतो: ऑपरेशन थिएटर आणि रक्ताची पिशवी किती मिनिटांवर आहे?

आता आपल्या रस्त्याचं सांगा बघू. शनिवारी संध्याकाळी भूगावातून चांदणी चौकात पोचायला किती वेळ लागतो? २०२३ मध्ये चौकात नवा पूल झाला, पण पुलापर्यंत पोचायचं तरी भूगावातूनच ना? हिंजवडीची गोष्टच सोडा. पावसाळ्यात ताम्हिणीच्या अंगाला दरड आली की काय होतं ते पौडच्या पलीकडच्या माणसाला विचारा.

बाळ बाहेर आल्यावर सगळ्यांना वाटतं, सुटलो. नर्सची खरी परीक्षा तिथून सुरू होते. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं. वार पडल्यावर पिशवी नीट आवळली नाही तर ते रक्त बाहेर यायला लागतं. चांगली धडधाकट बाई अशा रक्तस्रावानं दोन तासांत जाऊ शकते. आणि ज्यांना असा रक्तस्राव होतो त्यातल्या बहुतेकींमध्ये आधी धोक्याची एकही खूण नसते. "माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" हे वाक्य इथं कामाला येत नाही. म्हणून बाळ आल्याबरोबर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, आणि ते फ्रीजमध्ये ठेवलेलं असावं लागतं. बाळाचंही तसंच. साधारण दहातल्या एका बाळाला पहिला श्वास घ्यायला काही ना काही मदत लागते. त्यासाठी मिळतो एक मिनिट. त्या मिनिटात यूट्यूब उघडायला वेळ नसतो.

२०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुप्पूरला एका तरुण शिक्षिकेचं व्हिडिओ बघून घरी बाळंतपण केलं. बाळ वाचलं, ती अतिरक्तस्रावानं गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये केरळात मलप्पुरमला एक आई घरीच बाळंत होऊन गेली, पाचव्या खेपेला. म्हणजे आधीची सुखरूप झाली म्हणून पुढचं होईल, अशीही हमी नाही.

"पण ताई, परदेशात होतात ना?" नवऱ्याचा प्रश्न. होतात. इंग्लंडमध्ये होतात, नेदरलँड्समध्ये तर ती जुनी रीत आहे. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सुमारे ६४ हजार बायकांचा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची आधी बाळंतपणं झालेली होती, त्यांच्या बाळांना घरी जास्त धोका दिसला नाही. हे मी लपवणार नाही. पण पहिलटकरणींचं वेगळं निघालं. बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण दवाखान्यात हजारी ५.३, तर घरी ठरवलेल्यांत ९.३. आणि घरी ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या ४५ जणींना मधेच किंवा लगेच नंतर दवाखान्यात हलवावं लागलं. जवळजवळ निम्म्या! तिथं शिकलेली मिडवाइफ सोबत असते, ती दवाखान्याशी जोडलेली असते, अ‍ॅम्ब्युलन्सला गाड्या वाट देतात. एवढं असून हे आकडे. आपल्याकडे त्यातलं फक्त घर आहे. आणि ही मुलगी पहिलटकरीण आहे.

दुसरा प्रश्न तिच्या सासूबाईंचा, फोनवर. "अहो, आमच्या वेळी सगळी घरीच व्हायची." व्हायची. आणि जायच्याही. आनंदीबाई जोशी डॉक्टर का झाल्या, आठवा. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, उपचार मिळाले नाहीत म्हणून. लांबचं कशाला, २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ आया दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. २००५-०६ ला शंभरातली ६५ बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, आता जवळपास ९५. दवाखाना हे एकच कारण नाही, रस्ते आले, शिक्षण आलं, रक्त मिळायला लागलं. पण त्यामागं हजारो आशाताई आणि नर्सबाई पायपीट करत होत्या, हे विसरू नका.

कुणीतरी गडचिरोलीचंही उदाहरण देतं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या गावातल्याच बाया तयार केल्या, बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. जगानं दखल घेतली. पण ते काम झालं कारण तिथं बाळंतिणीपर्यंत दवाखाना पोचतच नव्हता. ज्यांना काहीच मिळत नव्हतं त्यांना ते दिलं. ज्यांना मिळतंय त्यांनी ते सोडावं, असा त्याचा अर्थ नाही.

आता एक आठवण. १९९४ चा पावसाळा. धरणाच्या पलीकडची एक वाडी. निरोप आला तेव्हा बाळ होऊन दोन तास झाले होते, वार अडकलेली. मी पोचले तेव्हा गोधडी भिजून जड झाली होती. बांबूला घोंगडी बांधून डोली केली, चार गडी आळीपाळीनं खांदा देत चिखलातून निघाले. ती मला म्हणत होती, "बाई, थंडी वाजतीया." मी माझं लुगडं तिच्यावर टाकलं. जीप डांबरीवर उभी होती. आम्ही डांबरीवर पोचलो, पण ती नाही पोचली.

तिच्याकडे घर होतं. सुईण होती, अनुभवी. माया करणारी माणसं होती. अंधार, शांतता, दिव्याचा मंद उजेड, सगळं होतं. आज ज्याचं पॅकेज करून विकतात ते सगळं तिच्याकडे फुकट होतं. नव्हता तो रस्ता आणि रक्त.

म्हणून मला जास्त राग कशाचा येतो सांगू? एकाच तालुक्यात एक बाई दवाखाना दहा किलोमीटरवर असताना घरी बाळंत व्हायचं ठरवते आणि त्याला "चॉइस" म्हणते. त्याच तालुक्यात डोंगराकडच्या वाडीतली बाई दवाखाना हवा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाट बघते, आणि तिच्या घरच्या बाळंतपणाला आपण "अडाणीपणा" म्हणतो. याच मुळशीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणात गेल्या, १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. वीज मुंबईला गेली. धरणाच्या मागच्या वाड्यांतल्या लेकींना पावसाळ्यात सुखरूप बाळंत होता यावं, एवढं तरी शंभर वर्षांत फेडायला नको होतं का?

तेव्हा घरात टब बसवण्याऐवजी एकत्र येऊन हे मागूया:

१. तालुक्यात रात्री दोन वाजताही सीझर करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त, तिन्ही एका जागी आणि एका वेळी मिळतील, याची लेखी हमी. तिन्हीपैकी एक नसेल तर उरलेल्या दोघांचा उपयोग नाही.

२. मिडवाइफ हव्यात, पण दवाखान्याच्या आत. केंद्र सरकारनं २०१८ मध्येच मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अठरा महिने शिकलेल्या नर्स, त्यांचा स्वतंत्र कक्ष, बाईला हवं तसं बसू-चालू देणं. या मुलीला घरी जे हवंय ते हेच तर आहे.

३. कळा देताना सोबतीला आपलं माणूस. सरकारी दवाखान्यात याला परवानगी आहे. दारावर पाटी लावा आणि अडवणाऱ्याला जाब विचारा.

४. पावसाळ्याआधी दुर्गम वाड्यांतल्या सात-आठ महिन्यांच्या बायकांची यादी आणि शेवटच्या दिवसांत दवाखान्याजवळ राहायची सोय. आदिवासी जिल्ह्यांत माहेरघर योजना आहे. मग मुळशीच्या डोंगरात का नको?

५. प्रत्येक खाजगी प्रसूतिगृहानं दारात लिहावं, गेल्या वर्षी इतकी बाळंतपणं, त्यात इतकी सीझर. हॉटेलवाला दरपत्रक लावतो, मग तुम्हाला लाज कसली?

जिल्हा परिषदेला मत मागायला जो येईल त्याला सभामंडप आणि कमानीऐवजी यातलं काय करणार ते विचारा.

आणि आता त्या मुलीला.

अगं, छत्तिसाव्या आठवड्यात घेतलेला हा निर्णय म्हणजे तयारी नाही, तो राग आहे. मी समजू शकते. पण अजून तीन-चार आठवडे हातात आहेत, तेवढ्यात बरंच होतं. डॉक्टर बदलता येतो. फाइल तुझी आहे, मागून घे. दुसऱ्या ठिकाणी जा, लेबर रूम दाखवा म्हण. तुमच्याकडे सीझर किती होतात ते विचार. सोबत नवरा चालेल का, कळांमध्ये चालू द्याल का, बाळ लगेच छातीशी द्याल का, ते विचार. चिडले तर तिथून उठ. सरकारीत जायचं तर २०११ पासून बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त, जेवण, येण्या-जाण्याची गाडी सगळं मोफत आहे, हक्कानं माग. १०८ आणि १०२ दोन्ही नंबर नवऱ्याच्या आणि वॉचमनच्या मोबाइलमध्ये आजच टाक.

मी तुझ्या घरी येणार नाही. दवाखान्यात येईन. रात्री दोनला फोन कर, माझी स्कूटी आहे. तुझ्या उशाशी बसेन, पाठ चोळेन, आणि कुणी तुझ्यावर ओरडलं तर आधी माझ्याशी गाठ आहे. एवढं मी तुझं देणं लागते. तुझंही, आणि त्या डोलीतलीचंही.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर भांडा, मी उत्तर देईन. पण घरात, शेजारात कुणाचे दिवस भरत आले असतील तर तिला आज एवढंच विचारा: कळा सुरू झाल्यावर गाडी कोणाची, रस्ता कोणता आणि पोचायला किती मिनिटं?