एलडीएच बर्फात घालू नका

सिकलसेलच्या रुग्णांचे एलडीएचचे नमुने ‘शीतपेटीत नव्हते’ म्हणून परत येतात, अशी दुर्गम भागातल्या वाचकांची तक्रार आहे. एका पत्रासोबत प्रयोगशाळेच्या परिपत्रकाची प्रतही आली आहे: सर्व नमुने बर्फातच पाठवावेत. एलडीएचची चौथी आणि पाचवी आयसोएन्झाइम्स थंडीत टिकत नाहीत. वेगळे केलेले सीरम खोलीच्या तापमानालाच ठेवायचे असते. एवढे ठाऊक नसलेल्या माणसाने हा नियम लिहावा आणि त्यापायी रुग्णाला पुन्हा सुई टोचावी, हे संतापजनक आहे. सेंट्रिफ्यूज न केलेली नळी तर जीपमध्ये तासन्‌तास हिंदकळते. पेशी नळीतच फुटतात, आकडा चढतो आणि तोच खरा म्हणून केसपेपरवर उतरतो.

हा आकडा किरकोळ नाही. क्रायसिस नसतानाही ज्याचा एलडीएच चढा, रेटिक वाढलेले आणि हिमोग्लोबिन कमी, त्याला घोट्याच्या व्रणाचा धोका जास्त. फुटलेल्या पेशींतले मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड संपवते, रक्तवाहिन्या आखडतात आणि घोट्यावरचे साधे खरचटणेही महिनोन्‌महिने भरत नाही. एलडीएच यकृताच्या आणि स्नायूंच्या विकारांतही वाढतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर भाकीत करू नये. रुग्णाची स्वतःची आधारपातळी हवी, आणि तीच आपल्या नोंदींत सापडत नाही.

अरब-भारतीय हॅप्लोटाइपमध्ये हिमोग्लोबिन एफ जास्त असते, म्हणून जमैकाइतके व्रण आपल्याकडे दिसत नाहीत. पण तेवढ्यावरून आपल्यातल्या कित्येकांनी घोटा पाहणेच सोडून दिले, हे कसे खपवून घ्यायचे? राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झाले. तपासणी झाली, कार्ड हाती पडले, ‘एसएस’ लिहिले, की आपले काम संपले असे मानणारे डॉक्टर आम्ही पाहतो आहोत.

मित्रांनो, परिपत्रक बदलेपर्यंत थांबू नका. सीरम केंद्रावरच वेगळे करा, नळीवर वेळ लिहा, लालसर सीरम पाठवूच नका. रेटिकला न्यू मिथिलीन ब्लू आणि सूक्ष्मदर्शक पुरतो. तो तुमच्याकडे आहे. प्रत्येक एसएस रुग्णाची पादत्राणे उतरवून दोन्ही घोटे, आतून-बाहेरून, बघा. जुन्या व्रणाचा काळा डागही नोंदवा, कारण व्रण तिथेच पुन्हा फुटतो. एलडीएच चढा राहिला तर हायड्रॉक्सियुरियाचा डोस आणि गोळ्या खरोखर घेतल्या जातात का, दोन्ही तपासा. आणि बर्फाअभावी परत आलेल्या प्रत्येक नमुन्याची तारीख, रुग्णाचे नाव वगळून, आम्हाला कळवा. ती यादी आम्ही आरोग्य संचालकांच्या टेबलावर स्वतः नेऊन ठेवू.