सही तुमची, प्रश्नही तुमचेच हवेत!

समजा, १८ वर्षांच्या एखाद्या मुलाला ब्लड कॅन्सर झाला. त्याला न्यायचं कुठे? लहान मुलांच्या डॉक्टरांकडे की मोठ्यांच्या? प्रश्न किरकोळ वाटला ना? पण यावर जीव अवलंबून असू शकतो.

अमेरिकेत १९८८ ते २००१ दरम्यान अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या, १६ ते २० वयाच्या ३२१ जणांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. काही जण लहान मुलांच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये होते, काही मोठ्यांच्या. सात वर्षांनी पहिल्या गटातले ६७ टक्के हयात होते, दुसऱ्यातले फक्त ४६. औषधं बरीचशी तीच. डोस आणि वेळापत्रक वेगळं. २००८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे १७ ते ३९ वयाच्या रुग्णांना लहान मुलांच्या पद्धतीचे उपचार देणारी ट्रायल झाली. त्यात तीन वर्षांनी ७३ टक्के रुग्ण हयात होते.

म्हणजे ट्रायलमध्ये गेलं की माणूस वाचतोच, असं नाही. वरचे दोन्ही गट ट्रायलमध्येच होते! पण नोंदी होत्या, म्हणून चूक सापडली. आपल्या वयाचे रुग्ण ट्रायलमध्ये नसतील, तर आपल्याला कुठला उपचार लागू पडतो हे कळणार कसं? आणि नेमके तेच कमी असतात. अमेरिकेतही लहान मुलांच्या मानाने १५ ते ३९ वयाचे रुग्ण ट्रायलमध्ये फार कमी येतात. कधी जवळच्या हॉस्पिटलात ट्रायल नसते, कधी कुणी विचारतच नाही.

आपल्याकडे ‘ट्रायल’ म्हटलं की घरचे म्हणतात, ‘आमच्या पोरावर प्रयोग नको.’ ही भीती उगाच नाही. पण नियमही आहेत. २००९ पासून ट्रायलची सरकारी नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी कुणालाही ऑनलाइन बघता येते. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. मधेच बाहेर पडायचा हक्कही असतो.

अठरा पूर्ण झाली की संमतीपत्रावर सही तुमची. मग निर्णय फक्त आई-बाबा आणि काकांनी कॉरिडॉरमध्ये का घ्यायचा? स्वतःवर किंवा मित्रावर वेळ आलीच, तर डॉक्टरांना थेट विचारा: माझ्या वयासाठी कुठला प्रोटोकॉल? ट्रायल आहे का? नाही म्हटलं तर काय उपचार मिळतील? उत्तर समजलं नाही, तर पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे.