नऊ चौरस मीटर

परवा ऑफिसातल्या एका मित्राचा मेसेज आला. "मे महिन्यात आई-बाबांना घेऊन युरोपला जातोय. तू पॅरिसमधे कुठे राहिला होतास? स्वस्त आणि मस्त असं काही सांग ना." मी हॉटेलचं नाव टाइप केलं आणि पाठवायच्या आधी थांबलो. का थांबलो ते मेसेजमधे मावणारं नव्हतं, म्हणून शनिवारची सकाळ यात घालवतोय.

आम्ही गेलो होतो २०२४ च्या ऑक्टोबरात. आई, बाबा आणि मी. गार द्यु नॉर स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर दोन ताऱ्यांचं हॉटेल, जुनी सहा मजली इमारत. चौथ्या मजल्यावर आई-बाबांची डबल रूम, सहाव्यावर माझी सिंगल. दोन्ही मिळून रात्रीचे १४६ युरो. जरा बऱ्या भागातल्या बऱ्या हॉटेलात याच्या दुप्पट पडत होते. चार रात्रींचे साधारण पन्नास हजार रुपये वाचले. मी जाम खूष होतो. आपण आयटीवाले पगार कितीही वाढला तरी असल्या ठिकाणी मनात एक्सेल शीट उघडून बसतो.

फ्रान्समधे हॉटेलांना तारे द्यायचे निकष ठरलेले आहेत. त्यात खोलीचा आकारही येतो. एक-दोन ताऱ्यांच्या हॉटेलात डबल रूम किमान ९ चौरस मीटर हवी, पाच ताऱ्यांच्या हॉटेलात २४. नऊ चौरस मीटर म्हणजे आपल्या हिशेबात ९७ चौरस फूट. बाबा खोलीत शिरले, बॅग ठेवली आणि मला म्हणाले, "आता तू बाहेर हो, म्हणजे आईला आत येता येईल."

लिफ्ट होती, म्हणजे टेलिफोन बूथएवढं एक कपाट वर-खाली जायचं. ते पाचव्या मजल्यापर्यंतच. पुढे मी पायी. बाथरूममधे अंघोळ करताना साबण खाली पडला तर दार उघडून बाहेर यायचं, मग वाकायचं. एसी नाही, फ्रिज नाही, किटली नाही. आईनं किटली पुण्याहून आणली होती, त्यामुळे सकाळी सहाला चौथ्या मजल्यावर आल्याचा वास. आणि एक रिकामी बिसलेरीची बाटली, तिचा उपयोग जाणकारांना सांगायला नको :-)

माझी खोली तर पार छपराखाली. पॅरिसच्या जुन्या इमारतींमधे सर्वात वरच्या मजल्यावर मोलकरणींच्या खोल्या असायच्या. खालच्या प्रशस्त मजल्यांवर मालक आणि भाडेकरू, वर तिरक्या छपराखाली नोकर. माझी खोली त्यातलीच असणार. उभं राहिलं की डोकं आपटायचं. पण खिडकी उघडली की समोर जस्ताच्या करड्या छपरांचा समुद्र आणि मातीच्या छोट्या धुरांड्यांच्या रांगा. तेवढ्यासाठी मी आणखी दहा युरो दिले असते.

हे सगळं मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, उलट मला ते आवडलं. याचं कारण कामातलंच आहे. रिलीज जवळ आली आणि वेळ कमी पडायला लागला की आम्ही काय करतो? फीचर्स कमी करतो. युजरला स्पष्ट सांगतो की हे नाही, ते नाही, पण जे आहे ते नीट चालेल. हा प्रामाणिक मार्ग.

हॉटेलांमधे हे फ्रेंचांनीच फार सुरेख करून दाखवलंय. आकोर कंपनीनं १९८५ मधे 'फोर्म्युल १' नावाची साखळी काढली. एमबीएवाल्यांना ती 'ब्लू ओशन स्ट्रॅटेजी' मुळे माहीत असेल. त्यांनी विचारलं, हायवेवरून रात्री उतरलेल्या माणसाला नक्की हवं काय? शांत, स्वच्छ खोली आणि चांगली गादी. मग बाकी सगळं उडवलं. रेस्टॉरंट नाही, लाउंज नाही, रिसेप्शनवर माणूस फक्त गर्दीच्या वेळी. एरवी मशीनमधे कार्ड घाला आणि खोलीत जा. खोल्या कारखान्यात तयार करून आणलेल्या, संडास-बाथरूम सामाईक. पण झोप उत्तम. याला मी स्वस्त हॉटेल म्हणतो. काय काढलंय ते गिऱ्हाइकाला दिसतं आणि ज्याला ते हवं असेल तो दुसरीकडे जातो.

घोळ दुसऱ्या मार्गात आहे. फीचर्स तशीच ठेवायची आणि टेस्टिंग कमी करायचं. डेमोला काही कळत नाही. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता सपोर्टवरच्या कुणा पोराचा फोन वाजतो, तेव्हा कळतं. वाचवलेले पैसे कुणीतरी भरतोच, फक्त तो मीटिंगमधे नसतो.

पॅरिसमधे हे मला दोनदा आठवलं. पहिल्यांदा बाबांमुळे. बाबा एमएसईबीतून रिटायर झालेत. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी मीटरबोर्ड शोधतात. पहिल्याच रात्री ते दाराच्या मागचा नकाशा चष्मा लावून वाचत होते. मग जिन्यात जाऊन आले. दारं आपोआप बंद होतात का, धुराचा अलार्म कुठे आहे, आग विझवायच्या सिलिंडरवर तपासणीची तारीख काय, सगळं बघून आले आणि म्हणाले, "ठीक आहे. झोपा."

मी हसलो. पण खोलीत जाऊन, झोप येत नव्हती म्हणून, याविषयी वाचत बसलो. १५ एप्रिल २००५ च्या पहाटे पॅरिसच्या नवव्या विभागात, गॅलरी लाफायेतच्या मागच्या बाजूला, एका एकतारांकित हॉटेलला आग लागली. २४ माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. जिना एकच होता. लोकांनी खिडक्यांमधून उड्या मारल्या. आणि आत राहणारे बहुतेक जण माझ्यासारखे पर्यटक नव्हतेच. ती स्थलांतरितांची, बेघर कुटुंबं होती. सरकारी आणि सेवाभावी यंत्रणांनीच त्यांना तात्पुरता आसरा म्हणून तिथे ठेवलं होतं. पुढच्या वर्षी, २००६ मधे, फ्रान्सनं लहान हॉटेलांसाठी आगीचे नियम कडक केले. बाबा जी दारं तपासत होते ती बहुधा त्यामुळेच तिथे होती.

स्वस्त हॉटेल आणि आसरा यांचं हे नातं तिथे नवीन नाही. फोर्म्युल १ ची तरी पुढची गोष्ट काय? २०१७ मधे त्यातली ६२ हॉटेलं विकली गेली, ती बेघर आणि आश्रय मागणाऱ्या लोकांच्या निवाऱ्यासाठी. आपण ज्या खोलीला "चार रात्रींसाठी चालेल" म्हणतो, तिच्यात कुणाचं अख्खं बिऱ्हाड वर्षभर असतं. माझी तिथल्या लहानपणाची गंमत आणि त्यांची कोंडी, दोन्ही त्याच नऊ चौरस मीटरमधली.

दुसरी गोष्ट माझ्याच मूर्खपणाची. दुसऱ्या दिवशी आई-बाबांच्या बाथरूममधे केस दिसले आणि टॉवेल एकच ठेवलेला. मी खाली जाऊन रिसेप्शनवर ठणकावून सांगितलं. दोन तारे असले म्हणून काय झालं, पैसे मोजतोय आम्ही, वगैरे. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाहेर पडत होतो, तेव्हा चौथ्या मजल्यावर मॅनेजर सफाई करणाऱ्या बाईला झापत होता. आमच्या खोलीकडे बोट दाखवून. बाई पन्नाशीची, काळी, हातात चादरींचा ढीग. ती काही बोलली नाही. आमच्याकडे तिनं बघितलंही नाही.

आई लिफ्टमधे काही बोलली नाही. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "अरे, चार केस होते. पाणी ओतलं असतं तर गेले असते की."

त्या दिवशी आम्ही लुव्र बघितलं. मोनालिसासमोर जेमतेम अर्धं मिनिट उभं राहायला मिळालं. दुपारी ला शापेलमधे श्रीलंकेच्या तमिळ लोकांचं गणपतीचं देऊळ आहे, तिथे गेलो. आईला सुखद धक्का वाटला, पॅरिसमधे कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगासुद्धा मिळाल्या. पण माझ्या डोक्यातून ती बाई जाईना.

चौथ्या दिवशी सकाळी आईनं स्वतःच पलंग आवरला, टॉवेल घडी करून ठेवला आणि त्या बाईला गाठून टिश्यूत गुंडाळलेले दोन बेसनाचे लाडू दिले. भाषेचा प्रश्न आईला कधीच पडत नाही. ती मराठीत बोलली, बाई फ्रेंचमधे. मधे मी, गुगल ट्रान्सलेटसह. किती खोल्या करता, असं आईनं विचारायला लावलं. बाईनं बोटांवर दाखवलं: अठरा. दुपारपर्यंत. एकटी. मी मनात भागाकार केला आणि गप्प बसलो. लाडू तिनं एप्रनच्या खिशात टाकले आणि पुढच्या खोलीत गेली.

घरी आल्यावर बातिन्योलच्या संपाबद्दल वाचलं. पॅरिसच्या सतराव्या विभागातलं सुमारे ७०० खोल्यांचं 'इबिस' हॉटेल. तिथली साफसफाई कंत्राटदाराकडे. तासाला साडेतीन खोल्या, म्हणजे एका खोलीला सतरा मिनिटं, असा वेग. खोल्या वेळेत झाल्या नाहीत तर वरचा वेळ आपला आपण. जुलै २०१९ मधे तिथल्या वीसेक जणी, बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या, संपावर गेल्या. मधे कोविड आला, हॉटेल बंद पडलं, तरी त्या हटल्या नाहीत. बावीस महिन्यांनी, मे २०२१ मधे, समझोता झाला. पगार वाढला, वेग कमी झाला, जेवणाचा भत्ता मिळाला. त्यांच्यातलीच एक पुढारी, आयव्हरी कोस्टमधे जन्मलेली रशेल केके, २०२२ च्या निवडणुकीत माजी क्रीडामंत्र्यांना हरवून फ्रान्सच्या संसदेत खासदार म्हणून गेली. २०२४ मधे ती हरली, पण ते असो.

आता तुम्ही म्हणाल, मग महागड्या हॉटेलात राहा. तसंही नाही. व्हान्दोम चौकाजवळच्या एका अतिश्रीमंत हॉटेलातही २०१८ मधे कंत्राटी सफाई कामगारांचा संप झाला, जवळपास तीन महिने चालला. तारे खोलीचे चौरस मीटर मोजतात, सफाईची मिनिटं मोजत नाहीत. आणि आपण सगळ्यांनी स्वस्त हॉटेलं सोडली तर त्या बाईची नोकरीच जाईल, हेही खरं.

त्यामुळे माझं मत इतकंच आहे. स्वस्त हॉटेलात जरूर राहावं. लहान खोली, अरुंद जिना, एसी नाही, ब्रेकफास्ट नाही, यावर एक तारासुद्धा कापू नये. ते आपण किंमत बघून घेतलेलं असतं. पण अठरा खोल्या एका बाईवर टाकून वाचवलेले पैसे आणि जिन्याच्या दारांवर वाचवलेले पैसे, हे आपल्या फायद्यात धरू नयेत. तिथे तोंड उघडावं, आणि ते त्या बाईविरुद्ध नाही, मालकाकडे. मी "बाथरूममधे केस आहेत" असं सांगितलं. सांगायला हवं होतं, "तुमच्याकडे माणसं कमी आहेत." आम्हीही बग सापडला की टेस्टरच्या नावानं ओरडतो, त्याला दोनच दिवस दिले होते हे विसरतो. तीच सवय मी पॅरिसला घेऊन गेलो होतो.

वाचलेल्या पन्नास हजारांतले निघताना दहा युरो मी खोलीत ठेवले. दहा युरोंनी काही फिटत नाही हे मला कळतं. आई म्हणाली, "लाडवांपेक्षा हे बरं. पण आधी दिले असतेस तर."

मित्राला शेवटी हॉटेलचं नाव पाठवलं. सोबत तीन ओळी: गुडघे दुखत असतील तर चौथ्याच्या वर खोली घेऊ नका. पहिल्या रात्री बाबांना जिना दाखवा. आणि केस दिसले तर पाणी ओता.

त्याचं उत्तर आलं, "केस???"

त्याला या लेखाची लिंक पाठवतो आता.