नामांकितपणाचा हिशेब कोण घेणार?

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : कोणते महाविद्यालय? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर देण्यास गावातील मास्तरांचा सल्ला पुरत असे. आता त्याची जागा क्रमवारीच्या याद्यांनी, श्रेणींच्या अक्षरांनी आणि एसटी स्थानकासमोरील जाहिरातफलकांनी घेतली आहे. विदर्भातील एखादा कोरडवाहू शेतकरी मुलीला पुण्याच्या ‘नामांकित’ महाविद्यालयात पाठविण्यासाठी कर्ज काढतो, तेव्हा तो शिक्षण विकत घेत असतो की नुसते नाव, हा प्रश्न त्याच्या घरापुरता उरत नाही. सार्वजनिक सवलती आणि निधी कोणत्या संस्थांकडे वळावेत, हेही याच श्रेणींवरून ठरू लागले आहे. म्हणून हा राजकीय प्रश्न आहे आणि आपल्या चळवळीने त्याची दखल घेतली पाहिजे.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘नॅक’, १९९४ साली स्थापन झाली. तिच्या जोडीला केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय क्रमवारीची चौकट जाहीर केली आणि २०१६ पासून दरवर्षी याद्या निघू लागल्या. महाविद्यालयांच्या यादीत दिल्लीचे मिरांडा हाउस २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षे पहिले होते. २०२४ साली तो मान हिंदू कॉलेजकडे गेला. यादी प्रसिद्ध झाली की महाराष्ट्र मागे का, म्हणून आपली वृत्तपत्रे हळहळतात. परंतु मोजले काय आणि कसे, हे विचारण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही.

विद्यापीठांसाठी या चौकटीत अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३०, पदवीधरांच्या फलनिष्पत्तीला २०, सामाजिक समावेशनाला १० आणि ‘लोकमताला’ १० टक्के भार दिलेला आहे. स्त्रिया, अपंग आणि आर्थिक-सामाजिक दृष्ट्या मागासलेले विद्यार्थी यांना दार उघडण्याचे मोल आणि मालक व प्राध्यापक मंडळींच्या मनातील प्रतिमेचे मोल येथे समान आहे! ज्याचे नाव आधीच झाले आहे त्याला नाव झाल्याबद्दल पुन्हा गुण मिळावेत, ही व्याजावर व्याज आकारण्याची सावकारी रीत झाली. संशोधनाची मोजणी प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय निबंधसूचींवरून होते. त्या सूचींत मराठी नियतकालिकांना जवळजवळ स्थान नाही. दुष्काळी तालुक्यातील पाणीवाटपावर मराठीत लिहिलेला कष्टाचा अभ्यास त्यामुळे शून्यवत ठरतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ज्या मालाचा कस ग्राहकाला आधी पारखता येत नाही, त्याच्या बाजारात काय घडते, हे ॲकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. पदवी ही कौशल्यापेक्षा पुष्कळदा नोकरी देणाऱ्याला केलेली खूण असते, असे स्पेन्स यांनी १९७३ साली मांडले. दोघांनाही २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नामांकित महाविद्यालय मुख्यतः हीच खूण विकते. पंच्याण्णव टक्क्यांच्या मुलांनाच प्रवेश द्यायचा आणि तीन वर्षांनी ती मुले उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली म्हणून पाठ थोपटून घ्यायची, हे निरोगी माणसांनाच दाखल करून घेणाऱ्या रुग्णालयाने आपल्या औषधांची थोरवी गाण्यासारखे आहे.

अमेरिकेत डेल आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला. अतिनिवडक महाविद्यालयांत गेलेल्या मुलांची आणि तितक्याच पात्रतेच्या, पण कमी निवडक महाविद्यालयांत गेलेल्या मुलांची तुलना केली असता पुढील मिळकतीत फारसा फरक आढळला नाही. अपवाद मात्र महत्त्वाचा होता : गरीब घरांतील मुलांना निवडक महाविद्यालयाचा खरोखरच लाभ झाला. सुखवस्तूंच्या मुलांना जे घरीच मिळालेले असते, ते गरिबाच्या मुलाला महाविद्यालयाकडून मिळवावे लागते. तेव्हा महाविद्यालयाची खरी कसोटी, येणारा विद्यार्थी कोठे होता आणि जाताना कोठे पोहोचला, ही आहे. हे अंतर आपली कोणतीही यादी धडपणे मोजत नाही.

मी तालुक्याच्या गावी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. आमच्या महाविद्यालयात तपासणी समिती यायची होती, तेव्हा महिनाभर अध्यापन जवळजवळ थांबले आणि रंगरंगोटी व फाइली रंगविणे ही दोनच कामे चालली. कधीही न झालेल्या सभांची इतिवृत्ते मागील तारखांनी लिहिली गेली. त्यांतील दोहोंवर माझीही सही आहे. हे सांगताना आजही मान खाली जाते. श्रेणी चांगली मिळाली. त्याच वर्षी आमच्या विभागातील निवृत्त सहकाऱ्याची जागा भरली गेली नाही आणि त्यांचे वर्ग तासिका तत्त्वावरील एका तरुणाकडे गेले. तो दोन महाविद्यालयांत मिळून तास घेई आणि मानधनाची वाट पाहत उधारीवर जगे. श्रेणीच्या अक्षराला या दोन्ही गोष्टींची वार्ताही नव्हती.

हे एका गावापुरते नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी मिळावी म्हणून लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसह नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांना अटक केली. न्यायालयात जे सिद्ध व्हायचे ते होईल. पण २०१८ च्या नियमांनुसार ३.५१ वा त्याहून अधिक गुणांक मिळविणाऱ्या विद्यापीठांना अधिकात अधिक स्वायत्तता आणि नवे अभ्यासक्रम काढण्याची मुभा मिळते. अक्षराला एवढी किंमत आली, की त्या अक्षराचा बाजारही भरणारच. १९८३ साली महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे खुली केली आणि शिक्षणसम्राटांचे युग सुरू झाले. त्या युगाला साजेशीच ही मोजपट्टी आहे.

मग याद्या मोडीतच काढाव्यात काय? आपल्यापैकी अनेकजण उत्साहाने ‘होय’ म्हणतील. मला ते मान्य नाही. शहरातील वकील-डॉक्टरांना कोणत्या महाविद्यालयात काय चालते, हे ओळखीपाळखीतून कळतेच. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलीच्या बापाला छापील यादीखेरीज आधार नसतो. माहिती नष्ट करणे हा त्याच्यावरच अन्याय होईल. शिवाय जुन्या नामांकित महाविद्यालयांचा लौकिक सगळाच पोकळ नाही. समृद्ध ग्रंथालये आणि अनुदानाच्या काळात नेमलेले कायम प्राध्यापक ही त्यांची खरी पुंजी आहे, आणि तीही सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली आहे.

लौकिकाची दुसरी परंपराही महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यास महाविद्यालय उभे केले, ते ‘कमवा आणि शिका’ या भूमिकेवर. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली मराठवाड्यात औरंगाबादला महाविद्यालय काढले. कोणाला आत घेतले आणि त्याचे पुढे काय झाले, यावर या संस्थांनी आपले नाव मिळविले. प्रवेश नाकारलेल्यांच्या संख्येवर प्रतिष्ठा मोजण्याची रीत त्यांनी मानली असती, तर त्यांचे कार्य उभेच राहिले नसते.

तेव्हा आपण करावयाचे काय? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मायकेल थॅडियस या गणिताच्या प्राध्यापकाने २०२२ साली आपल्याच विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेले आकडे विद्यापीठाच्याच इतर प्रसिद्ध कागदपत्रांशी ताडून पाहिले आणि ते जुळत नाहीत, हे जाहीर केले. दुसऱ्या क्रमांकावरील ते विद्यापीठ त्याच वर्षी अठराव्या क्रमांकावर घसरले. त्यासाठी मोर्चा लागला नाही. धीर आणि चिकाटी लागली. आपल्याकडेही संस्थांनी क्रमवारीसाठी आणि नॅकसाठी भरलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळांवर ठेवणे अपेक्षित आहे. तालुक्याच्या प्रत्येक शाखेने आपल्या महाविद्यालयाची ती माहिती उतरवून घ्यावी आणि चार प्रश्न विचारावेत. मंजूर पदांपैकी किती पदांवर कायम प्राध्यापक आहेत? प्रथम वर्षाला आलेल्यांपैकी किती विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत टिकले आणि गळालेले कोणत्या घरांतील होते? ग्रंथालयातून वर्षाकाठी किती पुस्तके वाचावयास गेली? ‘नोकरी लागली’ म्हणून दाखविलेले पदवीधर आज कोठे आहेत? अनुदानित संस्थांना माहितीच्या अधिकाराखाली हे विचारता येते. उत्तरे चावडीवर वाचून दाखवावीत.

त्याचबरोबर शासनाकडे एक मागणी लावून धरली पाहिजे. निधी देताना श्रेणी पाहू नये, गरज पाहावी, आणि रिक्त पदे भरल्याखेरीज कोणत्याही महाविद्यालयाला ‘उत्कृष्ट’ म्हणू नये. ज्या वर्गात शिक्षकच नाही, त्या वर्गाची प्रतवारी कशाची करावयाची?