दिलगिरी जमेच्या बाजूला लिहिता येत नाही



डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये गृहलक्ष्मी योजनेवरून गदारोळ झाला. महिला व बालविकास मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांनी ऑगस्टपर्यंतचे हप्ते दिल्याचे सभागृहात सांगितले होते. हुबळीचे भाजप आमदार महेश टेंगिनकाई यांनी विचारले, फेब्रुवारी आणि मार्च २०२५ चे हप्ते कुठे आहेत? ते दिलेले नाहीत हे अखेर सरकारला मान्य करावे लागले. मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि सभागृह पुढच्या विषयाकडे वळले.

आपण मात्र इतक्या लवकर वळू नये. ही योजना ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूरला सुरू झाली. घरातील कर्त्या महिलेला दरमहा २,००० रुपये. लाभार्थी सव्वा कोटीच्या आसपास. दोन महिन्यांचा हिशेब सुमारे ५,००० कोटींचा होतो. एका घराचे होतात ४,००० रुपये. चार हजार मिळवायला किती विड्या वळाव्या लागतात, हे निपाणीतल्या कोणत्याही विडी कामगार बाईला विचारा.

मी बँकेत काउंटरवर काम करतो, म्हणून बँकेच्या भाषेतच सांगतो. कर्जदाराने मधले दोन हप्ते चुकवून पुढचे भरले, तर साधारणपणे आम्ही ते पैसे आधी जुन्या थकबाकीला लावतो. ‘ऑगस्टपर्यंत भरले’ असे त्याला म्हणता येत नाही. ९० दिवस थकबाकी राहिली की त्याचे खाते बुडीत कर्जाच्या यादीत जाते. मग सरकारने फेब्रुवारीचा हप्ता डिसेंबरपर्यंत, म्हणजे नऊ महिन्यांहून अधिक काळ थकवला, तर त्याला काय म्हणायचे? कर्जदाराला एक नियम आणि मंत्र्याला दुसरा, हे कोणत्या शास्त्रात बसते?

याहून महत्त्वाची गोष्ट वर्षाची आहे. फेब्रुवारी आणि मार्च २०२५ हे २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे महिने. ३१ मार्चला वर्ष बंद होते आणि खर्च न झालेली तरतूद रद्द होते. नंतर ते पैसे द्यायचे तर नव्या वर्षाच्या तरतुदीतून किंवा पुरवणी मागणी मंजूर करून द्यावे लागतात. नव्या वर्षातले पैसे मागच्या थकबाकीला लावले, तर नव्या वर्षातला एखादा महिना उपाशी राहतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणूनच ‘देऊ’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणत्या वर्षाच्या, कोणत्या तरतुदीतून आणि कोणत्या तारखेला, हे लेखी हवे.

हप्ता आला नाही की बाई पहिल्यांदा बँकेत येते. ‘आधार लिंक नसेल’ असे कोणीतरी तिला सांगितलेले असते. कधी ते खरे असते. आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेले असेल तर पैसे तिकडे जातात आणि तिला पत्ताच नसतो. पण गल्लीतल्या सगळ्याच बायकांच्या पासबुकात तेच दोन महिने कोरे असतील, तर दोष आधारचा नाही आणि बँकेचाही नाही. पैसे बेंगळुरूहून निघालेलेच नसतात. अशा बाईला तीन-तीन हेलपाटे घालायला लावणे ही तिची थट्टा आहे.

आता आपल्या घरची गोष्ट. हेच खाते ऑगस्ट २०१९ पासून जुलै २०२१ पर्यंत निपाणीच्या आमदार शशिकला जोल्ले यांच्याकडे होते. अंड्यांच्या पुरवठ्यावरून त्यांच्यावर आरोप झाले, ते त्यांनी फेटाळले आणि नव्या मंत्रिमंडळात त्यांना दुसरे खाते मिळाले. मे २०२३ मध्ये ते बेळगाव ग्रामीणच्या हेब्बाळकर यांच्याकडे आले. पक्ष वेगळे, पण दोघीही मराठी मतांवाचून निवडून येऊ शकत नाहीत अशा मतदारसंघांतल्या. मार्च २०२३ मध्ये राजहंसगडावरच्या शिवरायांच्या एकाच पुतळ्याचे एकाच आठवड्यात दोनदा लोकार्पण झाले, एकदा भाजपचे आणि एकदा काँग्रेसचे. ती घाई हप्त्यांच्या बाबतीत का दिसत नाही?

आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतील, ‘कर्नाटकाच्या दोन हजारांसाठी कशाला भांडायचे? आपला प्रश्न सीमेचा.’ त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ मध्ये. तेव्हा पाळण्यात असलेली मुलगी आज मतदार आहे. निकालाची वाट पाहताना चूल थांबत नाही. शिवाय हा पैसा कुणाची मेहेरबानी नाही. आपण भरतो त्या करातलाच तो आहे. हक्क मागितल्याने सीमाप्रश्नावरचा दावा सुटत नाही.

आणि फक्त बेंगळुरूकडे बोट दाखवूनही चालणार नाही. महाराष्ट्रात २०२४ च्या निवडणुकीआधी लाडक्या बहिणीला १,५०० चे २,१०० करण्याचे आश्वासन दिले गेले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आले नाहीत. कागल, गडहिंग्लजला दिलेल्या आपल्या लेकींनीही तिकडे हाच जाब विचारावा.

करायचे काय? प्रत्येक घराने पासबुक भरून घ्यावे आणि फेब्रुवारी व मार्च २०२५ चे हप्ते कोणत्या तारखेला जमा झाले ते पाहावे. नोंद नसेल तर गल्लीवार यादी करून तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. माहिती अधिकारात अर्ज करावा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. कायद्याने अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा राज्याच्या राजभाषेतच चालतो, म्हणून मराठीत लिहून तो परत येण्याची संधी देऊ नये. मंत्री गावात हळदीकुंकवाला, देवळाच्या कार्यक्रमाला येतात. तिथे त्यांना शांतपणे, नावानिशी, पासबुक दाखवून विचारावे.

आमच्याकडे संध्याकाळी रोकड जुळली नाही तर कुणी घरी जात नाही. दिलगिरी व्यक्त करून चालत नाही. फरक सापडेपर्यंत बसावे लागते. मंत्र्यांनाही तेवढे बसवून ठेवणे आपल्या हातात आहे.

जय महाराष्ट्र!