कुलूपबंद संगणक आणि शाळेचा आराखडा

जून महिना आला की घरोघरी वह्या, दप्तर, गणवेश यांची गडबड सुरू होते. रोजंदारीवर जाणारा बापही उसनवारी करून मुलांची ही नड भागवतो. पण शाळेत आपल्या मुलाला काय मिळते आणि किती मिळते, हे विचारायला मात्र पालक संकोचतात. गुरुजी शिकलेले, आपण काय बोलणार, असे मनात येते. आज आम्ही अशा एका विषयावर लिहीत आहोत की ज्यात पालकांनी विचारलेच पाहिजे. तो विषय म्हणजे शाळेतील संगणक.

ज्या घरात संगणक आहे त्या घरातल्या मुलाचे शाळेतल्या संगणकावाचून फारसे अडत नाही. आपल्या मुलांचे तसे नाही. दोन खोल्यांच्या घरात, बापाच्या हातातल्या एकुलत्या मोबाईलवर जे दिसेल तेवढेच त्यांचे. आणि पुढची दारे तर संगणकातूनच उघडतात. इंजिनिअरिंगची एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर द्यावी लागते. रेल्वेच्या भरतीची परीक्षाही संगणकावरच होते. उत्तर येत असूनही माऊस धरताना हात थरथरला, तर त्या मुलाचे वर्ष वाया जाते. म्हणून शाळेतला संगणक ही आपल्या मुलांसाठी चैन नाही, गरज आहे.

आता शाळांची स्थिती पाहू. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस अहवालानुसार २०२३-२४ साली देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होते आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. म्हणजे तेव्हा दहातल्या चार शाळांत चालू संगणकच नव्हता. पण ज्या शाळांत होता, तिथल्या प्रत्येक मुलाचा हात त्याला लागत होता काय? हे त्या आकड्यावरून कळत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथल्या सरकारने २००८ पासून गरीब खेड्यांतल्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. पुढे आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत दर १०० मुलांमागे तब्बल ११८ संगणक झाले होते, न मिळालेल्या शाळांत अवघे १२. पण गणित आणि भाषेच्या चाचणीत दोन्हीकडच्या मुलांत फरक दिसला नाही. सर्वसाधारण तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडी प्रगती आढळली, एवढेच. यंत्रे पोहोचली, पण त्यांवर काय शिकवायचे आणि कोणी शिकवायचे, याची तयारी तोकडी पडली. आपल्याकडेही एखाद्या शाळेत पुढारी येतात, फीत कापतात, फोटो निघतो. मग खोलीला कुलूप लागते ते पुढच्या तपासणीलाच उघडते.

हे टाळायचे तर शाळेच्या आराखड्यात मोजता येतील अशी ध्येये लिहिली गेली पाहिजेत. आणि ती लिहिण्याचा अधिकार कायद्याने पालकांना दिला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी, जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा ही समितीच तयार करते. मिळालेल्या अनुदानाचा खर्च कसा झाला यावर देखरेख ठेवणे, हेही तिचेच काम आहे.

पण बहुतेक आराखड्यांत वाक्य असते ते असे: ‘विद्यार्थ्यांना आधुनिक तंत्रज्ञानाचे ज्ञान देण्यात येईल.’ वाक्य ऐकायला छान आहे. पण वर्षअखेर ते पूर्ण झाले की नाही हे सांगणार कोण? ज्याचे माप नाही त्याचा हिशेब मागता येत नाही. किराणा दुकानात आपण ‘थोडे तांदूळ द्या’ म्हणत नाही, किलो सांगतो. इथेही तसेच करावे.

प्रत्येक ध्येयाला पाच प्रश्न विचारावेत. आज स्थिती काय आहे? ती कितीवर न्यायची? कोणत्या मुलांची? कोणत्या तारखेपर्यंत? आणि हे कोण, कशावरून मोजणार? यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आज कुठे उभे आहोत हे लिहून ठेवले नाही, तर उद्या किती चाललो हे कळणार नाही.

उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेत दहा संगणक आहेत आणि त्यांतले चारच चालतात. सातवीत ४० मुले आहेत आणि आठवड्याला संगणकाचे तीन तास आहेत. एका यंत्रावर दोघे बसले तर चार यंत्रांवर एका तासाला आठ मुलांचीच सोय होते. ४० मुलांची एक पाळी पुरी व्हायला पाच तास लागतात, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे. आठ यंत्रे चालू झाली तर एका तासाला १६ आणि आठवड्याला ४८ जणांची जागा होते. मग प्रत्येक मुलाला दर आठवड्याला एक पाळी मिळते. तास ३५ मिनिटांचा धरला तर दोघांत मिळून प्रत्येकाच्या हाताला किमान १५ मिनिटे येतात.

यावरून या शाळेची ध्येये अशी लिहिता येतील. पहिले, ३१ ऑगस्टपर्यंत चालू संगणक चारावरून आठ होतील आणि त्यानंतर बिघडलेले यंत्र नोंद झाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्त होईल. दुसरे, सप्टेंबरपासून सातवीतील प्रत्येक मुलाला दर आठवड्याला किमान १५ मिनिटे कीबोर्ड हाताळायला मिळेल. तिसरे, आज सहा मुलांना जे जमते ते ३१ मार्चपर्यंत किमान ३२ मुलांना जमेल: मराठीतला दहा ओळींचा मजकूर कोणाच्या मदतीशिवाय टंकित करणे, तो नाव देऊन साठवणे, पुन्हा उघडणे आणि तक्त्यात पाच रकमांची बेरीज करणे. चौथे, खोली चालवू शकणारे शिक्षक एकाऐवजी दोन होतील, कारण एका गुरुजींची बदली झाली की खोलीला पुन्हा कुलूप लागते.

हे मोजायला फार काही लागत नाही. यंत्रांची मोजणी डेडस्टॉक रजिस्टरशी ताडून पाहावी. खोलीच्या दाराशी एक साधी वही टांगावी. तारीख, वर्ग, मुलाचे नाव आणि वेळ एवढे लिहिले की पुरे. कौशल्याची चाचणी जुलै, नोव्हेंबर आणि मार्च अशी तीनदा घ्यावी. दुरुस्तीला पैसा कुठला, असे कोणी म्हणेल. समग्र शिक्षा योजनेत शाळांना संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद आहे. नादुरुस्त साहित्य बदलणे, वीजबिल, इंटरनेट यांसाठी ते वापरता येते. ते किती आले आणि कशावर खर्च झाले, हे समितीच्या बैठकीत विचारावे.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ४० पैकी ३२ मुलांना जमले म्हणून टाळ्या वाजवण्याआधी, उरलेली आठ मुले कोण, हे पाहावे. त्या आठांत सहा मुली असतील किंवा आठही एकाच वस्तीतली असतील, तर आकडा गाठूनही ध्येय हुकले असे समजावे. पुष्कळदा असे होते की धीट मुलगा माऊस पकडून बसतो आणि मुलगी मागे उभी राहून नुसती बघते. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता, पण स्वतःचा फोन असलेल्यांत मुली मुलांच्या मागे होत्या. म्हणून वहीत मुलामुलींची नोंद वेगळी ठेवावी आणि दोघांच्या पाळ्या बरोबरीने लावाव्यात.

मोजमाप म्हणजे गुरुजींना पकडण्याचा सापळा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. ज्या शाळेत दोनच शिक्षक चार वर्ग सांभाळतात तिथे ध्येय लहान ठेवावे, पण ठेवावे. आकडा गाठला नाही तर दोष कोणाचा यापेक्षा अडले कुठे हे आधी शोधावे. वीज नव्हती, यंत्र दुरुस्त झाले नाही की तासच झाला नाही? कारण कळले की उपाय सापडतो. धाकाने मात्र खोटे आकडे तेवढे लिहिले जातात, आणि खोट्या आकड्यात नुकसान आपल्याच लेकरांचे होते.

तेव्हा माताभगिनींनो, पुढच्या बैठकीची सूचना आली की मजुरीचा खाडा करावा लागला तरी एकीने तरी जावे. जाण्याआधी घरात मुलाला विचारावे, ‘या महिन्यात संगणकावर तू स्वतः किती वेळा बसलास?’ तो जो आकडा सांगेल तो कागदावर लिहून न्यावा. चार घरांचे असे चार आकडे समितीपुढे ठेवले की आराखड्यातल्या ध्येयांची सुरुवात तिथूनच होईल. वाचता येत नसेल तर मुलाकडून इतिवृत्त वाचून घ्यावे आणि आपण मांडलेला आकडा त्यात लिहिला गेला आहे याची खात्री झाल्यावरच सही किंवा अंगठा करावा.