हिवाळ्यातला यलो अलर्ट : हसण्यावारी नेऊ नका

मुरबे : डिसेंबरात कसला पाऊस, असं म्हणून आपण अलर्टचा मेसेज सोडून देतो. पण 5 डिसेंबर 2017 ला ओखी वादळामुळे पालघर जिल्ह्यातल्या शाळा बंद होत्या. वादळ गुजरातच्या किनाऱ्याजवळ जाईपर्यंत विरलं, म्हणून आपण वाचलो. लोक मात्र म्हणाले, अंदाज चुकला. केरळ-तमिळनाडूत इशारा पोचायच्या आधीच कित्येक बोटी खोल समुद्रात होत्या, त्यातले अनेक मच्छिमार परत आले नाहीत. 2021 च्या डिसेंबरची सुरुवातही पावसानेच झाली.

हवामान खात्याचा यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. हा रंग अख्ख्या जिल्ह्याला असतो. जव्हारला कोरडं आणि मुरब्याला सोसाटा, असंही होतं. म्हणून अंदाज खोटा ठरत नाही.

खरा धोका रस्त्यावर. महिने दोन महिने साचलेली धूळ, ऑइल पहिल्या सरीत भिजलं की बोईसर-तारापूर रस्त्यावर दुचाकी घसरलीच समजा. पहिला अर्धा तास थांबा, टँकरच्या मागे चिकटून चालू नका. बंदरावर बावटा लागला तर बोट काढू नका. वाळत घातलेले बोंबील, पेंढा आदल्या रात्रीच झाका. आणि मेसेज पुढे पाठवण्याआधी त्यावरची तारीख बघा.